बैल दमत होते, तेव्हा

मंडळी, आज आपण विहिरीची गोष्ट वाचू. गोष्ट विहिरीची आहे, पण ती यंत्राचीही आहे आणि माणसांचीही आहे. एक नवे यंत्र गावात येते. ते आपले काम करते. पण तेवढ्यावर थांबत नाही. गावातले धंदे बदलतात, पिके बदलतात, शेजाऱ्याशेजाऱ्यांचे नाते बदलते. हे कसे होते, ते या धड्यात पाहायचे आहे.

मोट

ज्यांचे केस पिकले आहेत, त्यांनी मोट पाहिली असेल. काहींनी हाकलीही असेल. तरुणांसाठी थोडे सांगतो.

मोट म्हणजे कातड्याची मोठी पिशवी. तिला एक सोंड असे. मोट जाड नाड्याला बांधलेली, सोंड बारीक सोंदुराला. विहिरीच्या काठाशी उताराची वाट असे, तिला धाव म्हणत. बैल धावेवरून खाली गेले की मोट भरून वर येई. सोंडेतले पाणी थारोळ्यात पडे. तिथून ते पाटाने वाफ्यात जाई. घरातली बाई किंवा पोर दारे धरी. बैल मागे सरले की मोट पुन्हा विहिरीत.

मोठी मोट एका खेपेला शे-दीडशे लिटर पाणी आणी. खेपेला मिनिट-दीड मिनिट लागे. पहाटे धरलेली मोट उन्हे चढली की सोडावी लागे. बैल दमत. त्यांना वैरण-पाणी करावे लागे. तिसऱ्या प्रहरी पुन्हा मोट धरायची. रात्री बैल गोठ्यात आणि विहीर मोकळी. रात्रभर झरे वाहत. सकाळी पाहावे तर पाणी पुन्हा वर आलेले.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या काळी विहिरीतून किती पाणी काढावे, याचा नियम कोणी कागदावर लिहिला नव्हता. पंचांनी ठरवला नव्हता. नियम बैलांनी ठरवला होता. बैल दमत होते, म्हणून विहीर टिकत होती.

मोट चांगली होती आणि पुढचे सारे वाईट, असे मात्र आम्ही म्हणत नाही. मोटेवर माणसाचा जन्म झिजे. दुष्काळात बैलच मेले तर विहिरीत पाणी असून पीक वाळे. ज्याच्याकडे बैलजोडी नाही, त्याला विहीर असून नसल्यासारखी. त्या कष्टांचे पोवाडे गाण्यात अर्थ नाही.

मोटार आली

नव्या वस्तूला माणूस आधी भितो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढेल, असे शेतकरी म्हणत. पहिले नांगर खपता खपत नव्हते. पण ज्यांनी नांगर चालवला त्यांची हरळी निघाली, जमीन खोल नांगरली गेली. मग भीती गेली. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि तिथले नांगर गावोगाव गेले.

पंपाचेही असेच झाले. आधी तेलावरचे इंजिन आले. त्याची फटफट ऐकायला पोरे जमत. मग वीज आली. १९६२ पासून कोयनेची वीज मिळू लागली. खांब रोवले गेले, तारा ओढल्या गेल्या, डीपी बसले. विजेच्या पंपाला आपण ‘मोटार’ म्हणू लागलो. बटण दाबले की पाणी!

या मोटारीची ताकद किती? थोडे गणित करू. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलण्याची ताकद. पाच हॉर्सपॉवरची मोटार ३७५ किलो उचलील. विहीर दहा मीटर खोल असेल, तर सेकंदाला साडेसदतीस लिटर पाणी वर यायला हवे. निम्मी ताकद वाटेत वाया जाते असे धरू. तरी मिनिटाला सुमारे अकराशे लिटर पाणी येते. म्हणजे आठ-दहा मोटांचे काम एक मोटार करते. आणि ती दमत नाही. तिला वैरण नको, विसावा नको. वीज आहे तोवर ती दिवसाही चालते आणि रात्रीही चालते.

इथेच सारे बदलले.

गाव कसे बदलले

पहिल्यांदा धंदे बदलले. मोट शिवणारा चर्मकार, नाडा वळणारा मातंग, चाक करणारा सुतार, या सर्वांचे हात मोटेला लागत. सुगीला त्यांना बलुते मिळे. मोट गेली, तसे त्यांचे ते काम गेले. त्यांच्या जागी वायरमन आला, मोटार भरून देणारा कारागीर आला, पाइप विकणारा दुकानदार आला. ज्याचे काम गेले, त्यालाच नवे काम मिळाले असे मात्र झाले नाही. पुष्कळांनी मुंबई-पुण्याची वाट धरली.

मग पिके बदलली. मोटेवर माणूस थोडा मळा करी. मिरची, कांदा, थोडा गहू, थोडा ऊस. मोटार आल्यावर पाच-पाच, दहा-दहा एकर ऊस उभा राहिला. हातात पैसा आला. पत्र्याचे घर स्लॅबचे झाले. पोरी शाळेत गेल्या. हे मोटारीचे देणे आहे. ते नाकारणे खोटेपणाचे होईल.

रात्रही बदलली. शेतीची वीज रात्रपाळीला आली की शेतकरी कंदील किंवा बॅटरी घेऊन अंधारात दारे धरू लागला. साप-विंचवाचे भय आले. बैल रात्री झोपत. आता माणसाची झोप गेली.

आणि शेजार बदलला. पूर्वी चार भावांची एक विहीर असे. सोमवार थोरल्याचा, मंगळवार मधल्याचा, अशी पाण्याची पाळी असे. पाळीवरून भांडणे होत, पण पाळी होती. आता ज्याच्याजवळ पैसा, त्याने आपली वेगळी विहीर खणली. ज्याची विहीर खोल, पाणी त्याच्याकडे. पाळी मोडली, शर्यत सुरू झाली.

कातळाच्या पोटात

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. तेव्हा कातळाला भोक पाडणारी यंत्रे गावोगाव फिरली. पिण्याच्या पाण्यासाठी बोअर मारले, त्यांवर हातपंप बसवले. हे फार मोठे काम झाले. सोलापूरकडे तयार झालेल्या एका पंपाच्या नमुन्यावरून पुढे ‘इंडिया मार्क दोन’ नावाचा हातपंप निघाला. तो आफ्रिकेतल्या देशांतही गेला. कितीतरी बायांच्या डोक्यावरची मैलभराची पायपीट त्याने वाचवली.

पण बोअर मारायचे यंत्र हातपंपापुरते राहिले नाही. ते शेतात आले. हातपंप माणसाच्या हाताने चालतो, म्हणून तोही दमतो. बोअरमध्ये सोडलेली मोटार दमत नाही.

आपल्या पायाखाली काय आहे, ते पाहू. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात खाली काळा कातळ आहे. हा कातळ म्हणजे पाण्याचा हौद नव्हे. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत. पावसाचे पाणी मुरून तिथवर जाते, तेही थोडे. पडलेल्या पावसाचा दहावा हिस्सा, कुठे त्याहूनही कमी. पुष्कळांना वाटते की खाली पाताळगंगा आहे, खोल गेले की लागेल. काही ठिकाणी खोल भेगेत पाणी लागतेही. पण ते पुष्कळ वर्षांचे साठलेले असते. एकदा उपसले की ते भरायलाही तितकीच वर्षे हवीत.

आमच्या म्हाताऱ्यांनी हे एका म्हणीत सांगून ठेवले आहे : आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

एका बाईचा सवाल

एका गावाची गोष्ट सांगतो. नाव कशाला? अशी गावे पुष्कळ आहेत.

ओढ्याच्या काठी एका विधवा बाईचे तीन एकर रान होते. सासऱ्याने बांधलेली चिरेबंदी विहीर होती. ती ज्वारी करी, थोडा भाजीपाला करी. दोन लेकरे तिने त्या विहिरीवर वाढवली. वरच्या अंगाला दोन चुलतभावांची राने होती. एकाने बोअर मारले, त्याला पाणी लागले. वर्षाने दुसऱ्याने त्याच्याहून खोल मारले. पहिल्याचे पाणी घटले. त्याने आणखी खोल मारले. दोघांवर कर्ज झाले. आणि ओढ्याकाठची ती जुनी विहीर माघ महिन्यातच कोरडी पडली.

बाई ग्रामसभेत आली. डोक्यावरचा पदर सारखा करून उभी राहिली. म्हणाली, “पंचहो, मी कुणाचं पाणी चोरलं न्हाई. ह्ये माजं दीर म्हंत्यात, आमीबी चोरलं न्हाई, आमच्या रानात आमी भोक पाडलं. मग माज्या हिरीचं पाणी ग्येलं कुठं?”

कोणी बोलेना.

थोरला दीर म्हणाला, “वहिनी, कायद्यानं आमचं काय चुकलं ते सांगा.”

मंडळी, दिराचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. ज्याची जमीन, त्याला त्या जमिनीखालचे पाणी काढण्याचा हक्क, ही समजूत जुनी आहे. इंग्रजी अमदानीतल्या १८८२ सालच्या कायद्यात ती लिहिलेली आहे. पण १८८२ साली पाणी कशाने काढत? मोटेने! तेव्हा तो हक्क बैलांच्या ताकदीएवढाच होता. यंत्र बदलले, हक्क तोच राहिला. म्हणून त्या बाईची विहीर आटली. चोर कोणीच नाही, पण चोरी झाली.

आमच्या मते या धड्यातली मुख्य गोष्ट हीच आहे. जुन्या अवजाराच्या पोटात एक नियम दडलेला असतो. नवे यंत्र येते तेव्हा तो नियम गुपचूप मोडतो. त्या जागी नवा नियम यंत्र स्वतः करीत नाही. तो माणसांनी करावा लागतो. केला नाही, तर बळी तो कान पिळी.

ज्यांनी नियम केला

असा नियम कोणी केला का? केला. आपल्याच महाराष्ट्रात केला.

पाणी आधी मुरवावे, हा विचार जुना आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात त्यांनी सांगितले की, जागोजाग ताली-बंधारे घालावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतांत मुरेल आणि मग ओढ्या-नाल्यांस मिळेल.

मुरवलेले पाणी वाटायचे कसे, याचा मार्ग विलासराव साळुंखे यांनी दाखवला. ते पुण्याचे कारखानदार होते. १९७२ च्या दुष्काळात ते पुरंदर तालुक्यात फिरले. पुढे नायगाव इथे देवस्थानची ४० एकर माळजमीन घेऊन त्यांनी बांधबंदिस्ती केली, पाणी अडवले. त्यातून ‘पाणी पंचायत’ उभी राहिली. तिचे नियम ऐका.

पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या मापाने मिळेल. माणशी अर्ध्या एकराला पाणी, आणि एका घराला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. ज्याला जमीन नाही, त्यालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली, तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जाणार नाही. आणि या पाण्यावर ऊस करायचा नाही.

ऊस का नाही? पुन्हा गणित करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते एक लिटर पाणी होते. एक एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. दुष्काळी भागात वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरा. ५०० गुणिले ४,००० म्हणजे २० लाख लिटर. एका एकरावर वर्षात पडते ते इतकेच. आता एक एकर उसाला सुमारे ८० लाख लिटर पाणी लागते. म्हणजे थेंबही वाया गेला नाही असे धरले, तरी एक एकर ऊस चार एकरांचा पाऊस पितो. ज्वारीला त्याच्या चौथाईहूनही कमी लागते. एकाच्या उसात तिघांची ज्वारी बुडालेली असते, ती अशी.

दुसरे गाव नगरजवळचे हिवरे बाजार. तिथेही पाऊस थोडाच. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने डोंगरावर चर खणले, झाडे लावली, चराई बंद केली. पाणी वाढले. पण वाढलेले पाणी पुन्हा उपसून संपवले असते, तर काय उपयोग? म्हणून गावाने ठरवले : शेतीसाठी बोअर मारायचे नाही, ऊस आणि केळी लावायची नाही. पाऊस किती पडला ते मोजायचे. आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला ठेवायचे. उरेल त्यावर कोणती पिके घ्यायची, ते ग्रामसभेत ठरवायचे. घरखर्चाचा हिशेब मांडतो, तसा पाण्याचा हिशेब.

पाहा, या गावांनी मोटार विहिरीत बुडवली नाही. ते मोटेकडे परत गेले नाहीत. बैलांचा दमण्याचा नियम गेला होता. त्यांनी त्या जागी माणसांचा नियम आणला.

सरकारनेही कायदे केले आहेत. १९९३ सालच्या महाराष्ट्राच्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खणायला बंदी केली. २००९ साली भूजलाचा आणखी मोठा कायदा झाला. पण कायदा पुस्तकात असतो आणि बोअरची गाडी रात्री येते. गावाचे डोळे उघडे नसतील, तर कायदा एकटा काय करील?

आपल्यापुरते नाही

हे फक्त आपल्याकडेच झाले असे समजू नका. पंजाबात पंपांनी गहू आणि भात पिकवला, देशाचे पोट भरले; पण जमिनीखालचे पाणी खोल गेले. अमेरिकेत आठ राज्यांच्या खाली ओगालाला नावाचा पाण्याचा मोठा साठा आहे. तिथेही मोठमोठ्या पंपांनी गहू-मका पिकला आणि कित्येक भागांत पाणी खाली गेले. देश श्रीमंत असो की गरीब, न दमणाऱ्या यंत्रापुढे प्रश्न एकच.

आणि आता तर प्रश्न आणखी जवळ आला आहे. महाराष्ट्रात २०२४ सालापासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत झाली. उन्हावर चालणारे सौर पंपही शिवारात दिसू लागले. शेतकऱ्याचे वीजबिल वाचले, दिवसा पाणी मिळाले, रात्रीचे साप-विंचू टळले. आम्हाला याचा आनंद आहे. पण वीजबिल हाही एक लगाम होता. तो सुटला. आता पाणी उपसायला दमडी लागत नाही, म्हणून लगाम आपणच धरायला हवा. ठिबकाचेही तसेच. ठिबकाने पाणी वाचते खरे. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लावला, तर वाचले काय?

त्या गावाचे पुढे काय झाले

त्या बाईच्या सवालाला ग्रामसभेत त्या दिवशी उत्तर मिळाले नाही. पण सवाल मेला नाही. शाळेतल्या मुलांनी दोरीला दगड बांधून दर पंधरा दिवसांनी गावातल्या साऱ्या विहिरींचे पाणी मोजले आणि आकडे चावडीच्या भिंतीवर लिहिले. साक्षरतेच्या वर्गात शिकलेल्या बायांनी ते आकडे वाचले. वरच्या अंगाचे बोअर चालू झाले की खालच्या विहिरीचे आकडे उतरत. ते साऱ्यांना दिसले, दिरांनाही दिसले.

त्या वर्षी गावाने तीनच ठराव केले. नवे बोअर नाही. ओढ्यावर बंधारा, त्याला प्रत्येक घराचे श्रम. आणि ती जुनी विहीर भरेपर्यंत दोन्ही दिरांनी आठवड्यातून एक दिवस आपल्या बोअरचे पाणी वहिनीच्या रानाला द्यायचे. धाकटा दीर कुरकुरला. थोरला म्हणाला, “पाळी म्हणजे पाळी. आज्याच्या वेळी नव्हती का?”

पाळी परत आली. मोटारीसकट परत आली.

यंत्र हुशार असते, पण त्याला शेजारी नसतो. शेजारी आपल्याला असतो. म्हणून यंत्र कोणी, किती आणि कोणासाठी चालवायचे, हे आपण बसून ठरवायचे. गाव करी ते राव न करी.

विचार करा आणि बोला

१. तुमच्या गावात मोट कधी बंद झाली? म्हाताऱ्या माणसांना विचारा.

२. गेल्या दहा वर्षांत गावात किती बोअर मारले? किती कोरडे गेले?

३. तुमच्या गावात वर्षाला किती मिलिमीटर पाऊस पडतो? त्यावरून एका एकराचे पाणी किती होते, ते काढा.

४. ज्याला जमीन नाही, त्याला पाण्याचा हक्क असावा का? आपले मत पाच ओळींत लिहा.